पाण्यातली हद्द कोण ठरवतं?

मळेकर_दिंडोरी | १२ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

आमची दिंडोरी तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. दरवर्षी थिनिंगला, म्हणजे घड विरळायला, तलासरीकडून एक टोळी येते, त्यात एक नवरा-बायको गेली सहा वर्षं न चुकता येतात. यंदा ती बाई एकटीच आली, सोबत आठ वर्षांचा मुलगा. नवरा कुठाय विचारलं तर म्हणाली, "बोटीवर गेलता, धरला." उचल जास्त मिळते म्हणून तो यंदा गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पलीकडच्यांनी, म्हणजे पाकिस्तानने, बोट ओढून नेली. सात जण होते. तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, घरी कोणाचा तरी फोन आला, तिथून फिरत फिरत निरोप हिच्यापर्यंत आला. त्यानंतर काहीच नाही.

परवा घड विरळताना कात्री थांबवून मला म्हणाली, भाऊ, समुद्रात कुंपण असतं का? मी म्हणालो नसतं. मग म्हणे त्याला कळायचं कसं? मला उत्तर देता आलं नाही, दोन रात्री तेच डोक्यात आहे.

म्हणून विचारतोय. ही समुद्रातली हद्द नक्की कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि भारत-पाकिस्तानची ठरलेली आहे का? माहीतगारांनी कृपया लिहा.

नांगर_टाकला | १२ डिसेंबर, रात्री १०.१५

मळेकर, बरं केलंत विचारलंत. मी नौदलात २२ वर्षं होतो, आता इंदिरानगरला असतो.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल हे त्या देशाचं स्वतःचं पाणी. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तिथून पुढे किनाऱ्यापासून २०० मैलांपर्यंतचा पट्टा आर्थिक क्षेत्र, म्हणजे मासे, तेल, गॅस त्या देशाचं, पण जहाजं कोणाचीही ये-जा करू शकतात. हे सगळं १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारात आहे. दोन देश शेजारी असले की दोघांचे पट्टे एकमेकांवर चढतात, मग मध्ये रेघ मारावी लागते, आणि ती सुरू होते जमिनीवरची हद्द जिथे समुद्राला टेकते तिथून.

मेख इथेच आहे. आपलं आणि पाकिस्तानचं टेकायचं ठिकाणच ठरलेलं नाही. कच्छच्या रणाच्या टोकाला सर क्रीक म्हणून ९६ किलोमीटरची खाडी आहे, दलदल, चिखल, साप, भरती-ओहोटी, माणूस वस्तीला नाही. पाकिस्तान म्हणतं अख्खी खाडी आमची, हद्द पूर्वेच्या काठाला. आपण म्हणतो हद्द मधोमध. खाडीच्या तोंडाशी हा फरक फार वाटत नाही, पण तिथून रेघ समुद्रात ओढत नेली की फाकत फाकत हजारो चौरस किलोमीटरवर जाते.

तेव्हा सरळ उत्तर, नाही, ठरलेली नाही. नकाशावर दिसते ती ज्याची त्याची रेघ.

मिसळ_तर्री | १२ डिसेंबर, रात्री १०.२२

थांबा थांबा. म्हणजे ज्या रेघेवर दोघांची सहीच नाही ती ओलांडली म्हणून माणसं जेलात??

वकीलताई_गंगापूररोड | १२ डिसेंबर, रात्री ११.०५

हो, तसंच आहे. आणि या भांडणाचं मूळ वाचलं तर अजून वाईट वाटेल. १९०८ मध्ये या खाड्यांच्या काठावर पडलेल्या जळाऊ लाकडांवरून सिंध आणि कच्छ संस्थानात वाद झाला, लाकडं कोणाची म्हणून. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे निवाडा केला मुंबई सरकारने, १९१४ चा ठराव. आज दोन्ही देश तोच ठराव पुढे करतात! पाकिस्तान म्हणतं ठरावासोबतच्या नकाशात हिरवी रेघ पूर्व काठावर आहे. भारत म्हणतो त्याच कागदपत्रात लिहिलंय की बोटी चालतील अशा पाण्यात हद्द मध्यप्रवाहातून धरतात, आणि १९२४ च्या सुमारास खांबही मधोमध रोवले होते. पाकिस्तानचं म्हणणं ते तत्त्व नदीला लागू, भरतीच्या खाडीला नाही. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून खाडीची मोजणीही केली, नकाशे एकमेकांना दिले, गाडी तिथेच थांबली.

मळेकर, तुमच्या कामाचं म्हणजे १९८२ च्या समुद्र कायद्याच्या कराराचं कलम ७३. आर्थिक क्षेत्रात कोणी विनापरवाना मासे धरले तर दंड करा, पण वाजवी जामीन घेऊन बोट आणि खलाशी लवकर सोडा, आणि संबंधित देशांत तसा वेगळा करार नसेल तर तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. भारताने या कराराला १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये मान्यता दिलीय.

रणगाडा | १३ डिसेंबर, सकाळी ७.५०

माहिती चांगली आहे पण एक बाजू राहतेय. १९६५ ला त्यांनी कच्छच्या रणात घुसखोरी केली, मग लवाद नेमला, त्याने १९६८ मध्ये त्यांनी मागितलेल्यापैकी सुमारे दहा टक्के रण त्यांना देऊन टाकलं. शेजाऱ्याला एकदा दिलं की तो पुन्हा मागतो. आज खाडीचा काठ दिला तर उद्या तेल-गॅस गेलं, परवा तिथे नौदलाचा तळ उभा राहील. २६/११ चे अतिरेकी कराचीहून आले, वाटेत आपलीच मच्छीमार बोट पळवून, हे विसरून चालणार नाही. त्यामुळे समुद्रात कडक पहारा हवाच, त्यात कोणी भरकटला तर वाईट वाटतं पण इलाज नाही.

आणि कलम ७३ चं म्हणाल तर पाकिस्तान म्हणेल बोट आमच्या १२ मैलांच्या आत होती, मग?

वकीलताई_गंगापूररोड | १३ डिसेंबर, सकाळी ८.३०

रणगाडा दादा, १२ मैलांच्या आत असेल तर त्यांचा देशी कायदा लागतो, हे खरं. म्हणूनच तर रेघ हवी. रेघच नसेल तर कोण कुठे होता हे धरणारा सांगेल तेच खरं ठरतं. पहाऱ्याला माझा विरोध नाही, २६/११ नंतर तो हवाच. पहारा आणि वर्षानुवर्षं कोठडी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत एवढंच म्हणतेय. आणि हे दोन्हीकडून होतं. १ जुलै २०२५ च्या यादीत त्यांच्याकडे आपले १९३ मच्छीमार होते आणि आपल्याकडे त्यांचे ८१. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला या याद्या एकमेकांना देतात.

कांदाचाळ | १३ डिसेंबर, सकाळी ११.१०

आमच्याकडे बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेत, तीस-तीस वर्षं केस चालते, जमीन निघते दीड गुंठा. शेवटी सरकारी मोजणी आणायची, खुणा रोवायच्या, दोघांनी सही करायची, त्याशिवाय पेरणी सुखाने होत नाही. फरक एवढाच की बांधावर दगड राहतो, पाण्यात राहत नाही.

मी लासलगावला कांद्याच्या धंद्यात, बांगलादेश आणि श्रीलंका दोन्ही आपले मोठे गिऱ्हाईक. बांगलादेशाशी पण आपला समुद्राचा वाद होता ना, तो कसा मिटला हे कोणी लिहील का? कारण त्यांच्याशी बोलताना हा विषय कधी निघालेला ऐकला नाही.

नांगर_टाकला | १३ डिसेंबर, दुपारी १.००

कांदाचाळ, फार महत्त्वाचा मुद्दा काढलात.

बांगलादेश २००९ मध्ये लवादाकडे गेला. ७ जुलै २०१४ ला निकाल लागला. वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ त्यांना मिळाले. म्हणजे आपल्या वाट्याला कमी आलं. तरी भारताने निकाल मानला, एक शब्द न वाढवता. त्या वादात एक बेटही होतं, आपण न्यू मूर म्हणायचो, ते दक्षिण तालपट्टी. १९७० च्या भोला चक्रीवादळानंतर नदीच्या मुखाशी वर आलं, दोघांनी हक्क सांगितला, आपण तिथे झेंडाही लावला होता, आणि २०१० पर्यंत बेटच पाण्याखाली गेलं. ज्याच्यासाठी भांडलो ते समुद्राने परत घेतलं.

रणगाडा | १३ डिसेंबर, दुपारी १.४०

आणि त्या उदारपणाचं फळ काय मिळालं? ऑगस्ट २०२४ नंतर ढाक्याशी संबंध कसे झालेत बघताय ना?

नांगर_टाकला | १३ डिसेंबर, दुपारी २.२५

बघतोय. आणि तेच तर सांगायचंय. सरकार बदललं, संबंध बिघडले, पण समुद्रातल्या त्या रेघेवरून पुन्हा भांडण निघालं नाही. त्याच काळात, म्हणजे २०२४ च्या शेवटी, त्यांनी आपले मच्छीमार धरले आणि आपण त्यांचे. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी आपले ९५ सोडले, आपण त्यांचे ९० सोडले, समुद्रातच, हद्दीवर, बोटींसकट. थोड्या महिन्यांत माणूस घरी आणि बोट धक्क्याला. पाकिस्तानात अडकलेला माणूस वर्षं काढून कराचीहून लाहोर, तिथून वाघा असा रिकाम्या हाताने येतो, बोट बहुधा येतच नाही. रेघ ठरलेली असणं आणि नसणं यातला फरक मला इथे दिसतो.

ओझरचा_फिटर | १३ डिसेंबर, रात्री ८.१५

मी ओझरच्या विमान कारखान्यात, एचएएलमध्ये ३४ वर्षं काढली, मिग-२१ च्या लाइनवर सुरुवात केली. सर क्रीकचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते ऑगस्ट ९९ ला. कारगिल नुकतं संपलं होतं. १० ऑगस्टला पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान त्या भागात आलं आणि आपल्या मिग-२१ ने पाडलं. १६ जण गेले त्यात. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, पण २००० मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे आमच्या अधिकारात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये सगळे छाती फुगवून फिरत होते, मीही. मिग आपल्या हातचं विमान होतं हो, त्याचा एक एक रिवेट ओळखीचा. पण आमचे एक जुने फोरमन होते, ते डबा उघडता उघडता म्हणाले की १६ घरी आज चूल पेटली नसेल. कोणी काही बोललं नाही. ते वाक्य अजून आठवतं. २०२५ च्या सप्टेंबरात मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा पण तेच आठवलं.

रणगाडा, मी देशासाठी विमानं बांधलेला माणूस आहे, पहाऱ्याच्या बाजूचाच आहे. पण खाडीच्या चिखलासाठी विमानं पाडायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

सागरची_आई | १३ डिसेंबर, रात्री ९.३०

माझा मुलगा मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर आहे, सिंगापूरहून वर चीनकडे जातात तेव्हा दक्षिण चीन समुद्रातून. मी नकाशा भिंतीला लावून ठेवलाय, त्याचा फोन आला की टाचणी लावते. तिथे तर आणखी मोठं भांडण. चीनने जवळजवळ अख्ख्या समुद्राभोवती तुटक रेघा काढल्यात आणि म्हणतो हे आमचं. फिलिपिन्स लवादाकडे गेला, १२ जुलै २०१६ ला निकाल लागला की त्या रेघेला कायद्याचा आधार नाही. चीनने निकाल मानलाच नाही. फिलिपिन्सने १९९९ पासून एक जुनं गंजकं जहाज मुद्दाम खडकावर रुतवून ठेवलंय, त्यावर मोजके सैनिक राहतात, आपला हक्क राखायला. त्यांना जेवणाचं सामान न्यायला गेलेल्या बोटींवर चीनच्या लोकांनी २०२३-२४ मध्ये पाण्याचे फवारे मारले. मुलगा म्हणतो, आई, आम्ही आमच्या मार्गाने जातो, काळजी करू नको. आईला सांगून काय उपयोग.

त्या तलासरीच्या ताईंची झोप कशी उडाली असेल हे मला कळतं. माझा निदान फोन तरी करतो.

ओझरचा_फिटर | १३ डिसेंबर, रात्री ९.५०

ताई, त्याच फिलिपिन्सला आपण ब्रह्मोस क्षेपणास्त्र दिलंय, २०२२ ला करार, एप्रिल २०२४ ला पहिली खेप गेली. सुखोई लढाऊ विमानावर ब्रह्मोस बसवायचं काम आमच्या ओझरला झालं, २०१६ च्या जूनमध्ये पहिलं उड्डाण इथूनच झालं. किनारा नसलेल्या नाशिकचा समुद्राशी असा संबंध आहे.

रीफर_पिंपळगाव | १४ डिसेंबर, सकाळी ६.४५

किनारा नसला तरी समुद्र आमच्या पॅकहाउसपर्यंत येतो साहेब. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजं अडवायला सुरुवात केली आणि लगेच जानेवारीला आमचा सीझन सुरू. रॉटरडॅमला जाणारे कंटेनर सुएझ सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून गेले, दहा-पंधरा दिवस जास्त. द्राक्षाला दहा दिवस म्हणजे काय हे मळेकर सांगतील. देठ सुकतो, हिरवी काडी तपकिरी झाली की तिकडचा गिऱ्हाईक घड हातात घेऊन फक्त देठ बघतो आणि भाव पाडतो. भाडं वाढलं ते वेगळंच. तो वाद आमचा नाही, त्या माणसांना आम्ही ओळखत नाही, पण पैसे बागायतदाराचे गेले.

गोदावरीचा_काठ | १४ डिसेंबर, सकाळी ९.००

एवढं लांब कशाला जायचं, आपल्याकडे वरची गंगापूर-दारणा धरणं विरुद्ध खालचं जायकवाडी दरवर्षी ऑक्टोबरात चालतंच की. मेंढेगिरी समितीचा तो ६५ टक्क्यांचा आकडा, म्हणजे जायकवाडीत तेवढा साठा नसेल तर वरून पाणी सोडायचं, आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नाशिककर म्हणतात आमचं पाणी, मराठवाडा म्हणतो आमच्या हक्काचं. पण निदान एक आकडा कागदावर आहे, त्यावर भांडता येतं, कोर्टात जाता येतं. कोणी कोणाच्या शेतकऱ्याला धरून नेत नाही.

कांदाचाळ | १४ डिसेंबर, सकाळी १०.२०

श्रीलंकेचं राहिलं. कच्चथीवू. २८५ एकरांचं बेट, प्यायला पाणी नाही, एक सेंट अँथनीचं चर्च आहे, वर्षातून एकदा जत्रा. १९७४ ला इंदिराबाई आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार होऊन ते श्रीलंकेकडे गेलं. तमिळनाडूत अजून त्यावरून निवडणुका तापतात. मी तिकडच्या एका व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला बेटाचं सोडा, खरं दुखणं जाळ्याचं आहे. आपल्याकडचे मोठे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून नेतात आणि जाफनाच्या लहान होडीवाल्याला काही उरत नाही. दोन्हीकडे तमिळच लोक, एकाच भाषेत शिव्या देतात.

रणगाडा | १४ डिसेंबर, सकाळी १०.४५

१९७४ ला बेट दिलं हीच चूक. माझं मत बदललेलं नाही.

वकीलताई_गंगापूररोड | १४ डिसेंबर, सकाळी ११.३०

१९७६ चा दुसरा करारही वाचा दादा, त्यात कन्याकुमारीजवळची वाज बँक आपल्याकडे आली, मासळीच्या दृष्टीने फार श्रीमंत जागा. देणं-घेणं दोन्ही होतं.

डहाणूचा_नाशिकात | १४ डिसेंबर, रात्री १०.५०

धागा आत्ता बघितला, सगळा वाचून काढला. मी मूळचा डहाणू तालुक्यातला, आता अंबडला कंपनीत आहे. तरुणपणी दोन सीझन मी स्वतः गुजरातच्या बोटीवर होतो म्हणून लिहितो. आमच्याकडची पोरं ऑगस्टला बोटी सुटल्या की जातात ती मे संपेपर्यंत.

मळेकर, त्या ताईंना सांगा की त्याला कळलं नसेल यात त्याचा काही दोष नाही. बोटीवर जीपीएस एकच, तांडेलाच्या केबिनमध्ये. खलाशी मागे जाळ्यावर. जाळं टाकलं की तीन-तीन तास ओढायचं, मग वर घ्यायचं, मासळी निवडायची, बर्फात भरायची, पुन्हा टाकायचं, रात्र-दिवस हेच. झोप मिळाली तर दोरांच्या ढिगावर, अंगाला डिझेलचा वास. खलाशाला आपण गुजरातच्या ओखा बंदरासमोर आहोत का कुठे हे माहीतही नसतं. हद्दीच्या अलीकडे पाच मैल मासेमारी करायची नाही असा नियम आहे, पण आपल्या बाजूला मासळी आटली आणि सिंधूच्या मुखाकडे अजून सापडते, मग मालकाचा दट्ट्या आणि तांडेलाचा जीव यात बोट पुढे सरकते. कधी इंजिन बंद पडतं, ओढ एवढी की तासाभरात बोट कुठल्या कुठे जाते. आमची एकदा अशीच रात्रभर वाहत गेली होती, सकाळी समोर दुसरी भारतीय बोट दिसली तेव्हा तांडेल रडला होता.

आता कामाचं. बोट गुजरातची आणि माणूस महाराष्ट्राचा असला की कागद दोन्हीकडे फिरतो, त्यामुळे घरच्यांनी मागे लागणं फार गरजेचं. तिकडून नाव येतं, मग इकडे पोलीस घरी येऊन हा भारतीय आहे का ते तपासतात, ते झाल्याशिवाय सुटकेची गोष्टच निघत नाही. नावात फरक असला की तिथेच महिने जातात. बोटीवर सगळे त्याला ज्या नावाने हाक मारतात तेच नाव तिकडे लिहिलं जातं, आधारवर वेगळं असतं. बोटमालकाकडून खलाशांची यादी मिळवा, आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला जुळवून बघा आणि पालघरला मत्स्यव्यवसाय खात्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ताईंना एकटं पाठवू नका.

मळेकर_दिंडोरी | १४ डिसेंबर, रात्री ११.२०

डहाणूकर, तुमचे उपकार कसे फेडू. उद्याच विचारतो तिला. सगळ्यांचेच आभार, रणगाडा तुमचेही, तुमचा मुद्दा मला पटतो आणि नाहीही.

रणगाडा | १५ डिसेंबर, सकाळी ७.३०

मळेकर, मत मताच्या जागी. पालघरला जायला गाडी लागली तर माझी बोलेरो आहे, डिझेलचं बघू नका. रविवार सोडून कधीही.

मळेकर_दिंडोरी | ५ जानेवारी, रात्री ८.५५

धागा वर काढतोय, बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करून विचारलं.

२२ तारखेला रणगाडा यांच्या गाडीतून आम्ही गेलो, मी, ताई आणि तिचा मुलगा. आधी तलासरीला तिच्या घरी कागद काढले. पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळं नीट घडी करून ठेवलेलं. डहाणूकर म्हणाले तेच निघालं. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आणि बोटमालकाने मोबाइलवर पाठवलेल्या यादीत तिसरंच, घरी लाडाने हाक मारतात ते. वकीलताईंनी फोनवर अर्जाचा मसुदा सांगितला, ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र केलं, अर्ज दिला, पोच घेतली. तिथला बाबू नीट बोलला, म्हणाला याच बोटीच्या आणखी दोन घरचे येऊन गेलेत.

१ जानेवारीला दोन्ही देशांनी याद्या दिल्या. पत्रकात फक्त आकडे असतात, नावं नसतात, त्यामुळे तो त्यात आहे का ते अजून कळलेलं नाही. पोलिसांची तपासणी व्हायचीय.

परतताना मुलाने रणगाडांच्या मोबाइलवर सर क्रीक बघायला मागितली. त्यांनी नकाशा मोठा करून दाखवला, तो बराच वेळ बोट फिरवत होता, मग विचारलं बाबा कुठे आहे. रणगाडांनी गाडी बाजूला घेतली आणि कराची दाखवली.

ताई बागेत आहे, शेवटच्या आठ ओळी राहिल्यात. थिनिंग संपलं की टोळी जाईल, ती म्हणते मी पॅकिंगपर्यंत थांबते, इथे नेटवर्क असतं, तिकडे नसतं.

डहाणूचा_नाशिकात | ५ जानेवारी, रात्री ९.२०

छान काम झालं. एक करा, ताईंचा दिंडोरीचा नंबर तिकडच्या पोलीस पाटलाला देऊन ठेवा. तपासणीला आले आणि घराला कुलूप दिसलं तर तसंच लिहून परत जातात.

मळेकर_दिंडोरी | ५ जानेवारी, रात्री ९.२४

हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या सकाळी पहिला फोन तोच.